दुधाच्या काचा

तीन वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका सोमवारी, डॉ. नसीमबानो शेख यांनी विद्यापीठाला एक पानाचं पत्र पाठवलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वंदना नावाच्या विद्यार्थिनीने लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध बारा दिवसांपूर्वी जमा झाला होता. तो परीक्षकांकडे पाठवू नये, अशी विनंती पत्रात होती. कारण एका ओळीचं होतं : ‘प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे.’ त्या दिवशी शेख मॅडमच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते.

वाशीमच्या एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. मी अकरावी-बारावीला त्यांच्या वर्गात होतो. पुढे एका दैनिकाचा वार्ताहर झालो आणि वाशीममध्येच राहिलो. त्यामुळे इथे लिहिलेलं काही पाहिलेलं आहे, काही संबंधितांना विचारून घेतलेलं आहे.

उंची बेताची. पांढरा अ‍ॅप्रन, त्याच्या आत खोचलेली ओढणी, खिशात ड्रॉपर आणि लवंगांची डबी. तास सुरू होण्याआधी एक लवंग तोंडात टाकायच्या. ती संपेपर्यंत फळ्यावर लिहायच्या, मग बोलायला लागायच्या. प्रयोगवहीत ‘साधारण’ हा शब्द दिसला की वही परत यायची. ‘साधारण पिवळा’ लिहिणाऱ्या एका मुलीला त्यांनी विचारलं होतं, “साधारण म्हंजे कसा वं? हळदीसारखा का लिंबासारखा? तुही आई भाजीत साधारण मीठ टाकते का?” मुलगी म्हणाली, “हो मॅडम, साधारणच टाकते.” वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण वही परत गेलीच.

त्यांचे वडील सराफ्यात सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचे. ते काम तेजाबावर, म्हणजे नायट्रिक आम्लावर चालतं. वडिलांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. साबण, राख, लिंबू, कशानेच तो रंग जायचा नाही. कातडी झडायची तेव्हाच तो जायचा. लहानपणी मॅडमना वाटायचं की हे सोनंच आहे, अब्बाच्या कातडीत शिरलेलं. तो तेजाबाने बदललेल्या कातडीचा रंग आहे, हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. हे सांगताना त्या हमखास थांबायच्या आणि म्हणायच्या, “मी घरी जाऊन अब्बाले सांगितलं, की तुमच्या बोटात सोनं नाही, नायट्रोजन हाय. ते म्हणाले, असू दे बेटा, पोट तर भरून राह्यलं.”

वर्गात ही गोष्ट त्या दोन धाग्यांवर दाखवायच्या. एक कापसाचा, एक पांढऱ्या लोकरीचा. दोन्हींवर तेजाबाचा एक-एक थेंब. कापूस पांढराच राहायचा, लोकर पिवळी व्हायची. लोकर म्हणजे प्रथिन, कापूस नाही. “प्रथिन म्हंजे माळ,” त्या सांगायच्या. “वीस तऱ्हेचे मणी. त्यातल्या एकाचं नाव टायरोसिन. नायट्रोजनचे काही तापट प्रकार असतात, ते या मण्याले जाऊन चिकटतात. माळ तुटत नाही, लांबी तेवढीच राहते. पण मणी आता तो मणी नाही.” तेजाबाने हे कातडीवर दिसतं. शरीरात सूज आली, धूर आत गेला, की न दिसणाऱ्या प्रमाणात तेच होतं. दिसत नाही ते मोजायचं कसं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने घरी जाऊन बहिणीच्या लग्नाच्या शालूचा एक पांढरा धागा काढून आणला. दुकानदाराने शुद्ध रेशीम म्हणून दिलेला शालू. रेशीमही प्रथिनच. मॅडमनी थेंब टाकला. धागा पांढरा तो पांढराच.

“कोणतं दुकान?” मॅडमनी विचारलं.

मुलीने नाव सांगितलं. मॅडमनी ड्रॉपर खाली ठेवला. ते त्यांच्या चुलतभावाचं, रफीकभाईंचं दुकान होतं.

संध्याकाळी मुलीचे वडील आणि मॅडम दोघंही दुकानात गेले. मॅडमनी गादीवर बसून पर्समधून धागा काढला. रफीकभाई म्हणाले, “आपा, घरचीच माणसं अशी तेजाब घेऊन फिरायला लागली तर धंदा कसा होईल?” मॅडम म्हणाल्या, “तुले फसवलं सुरतवाल्यानं. तू यांना फसवू नको.” शालू बदलून मिळाला. त्यानंतर दोनेक वर्षं लग्नसराईत बाया-माणसं पदराचा धागा कागदात बांधून महाविद्यालयात यायची. मॅडम कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. फक्त आधी आपल्याकडचा खात्रीचा रेशमाचा आणि सुताचा धागा तपासून घ्यायच्या. “पयले कोरं पाहा,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ज्यात काही नाही असं ठाऊक आहे, त्यात खरंच काही निघत नाही ना, हे आधी बघायचं. मग संशयाच्या वस्तूला हात लावायचा.

वंदना त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. जऊळक्यापासून तीन किलोमीटरवरच्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. तिचा विषय चुलीच्या धुराचा होता. काचेच्या पट्टीवर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ थर द्यायचा, ती पट्टी स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोन आठवडे टांगायची, मग थर खरवडून आम्लात घालून बंद नळीत चोवीस तास तापवायचा. माळ सुटते, मणी मोकळे होतात. त्यातले किती टायरोसिन बदलले, ते विद्यापीठातलं यंत्र मोजतं. गावोगावच्या बाया या काचांना ‘वंदनाचे आरसे’ म्हणत. एका घरी सासूने सुनेला सांगितलं होतं, “नीट राह्य वं चुलीपाशी, कॉलेजवाले आरशातून पाहून राह्यले.”

पाचव्या वर्षी मॅडमनी शिरपूरचं एक घर यादीत घातलं. कमलबाई नावाच्या जैन गृहिणीचं. देवदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना त्या घरगुती जेवण द्यायच्या आणि मागच्या पडवीत लाकडाच्या दोन मोठ्या चुली सकाळपासून पेटलेल्या असायच्या. एवढा धूर दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता.

कमलबाईंनी दोघींना बसवलं, चहा दिला, काच हातात घेतली आणि विचारलं, “यावर काय लावलं?”

वंदना म्हणाली, “प्रोटीन हाय काकू.”

“कशाचं?”

वंदनाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “अंड्याचं.”

कमलबाईंनी काच टेबलावर नाही, अंगणातल्या दगडावर नेऊन ठेवली. हात धुऊन आल्या. “मॅडम, तुमी रोज या, जेवा, राहा. हे आत येणार नाही.”

“बरोबर हाय तुमचं, ताई. दुधाचं आणतो. दुधातबी प्रोटीनच असते.”

“दूध आमचंच घ्या. पण भांडे? ज्या भांड्यात अंडं गेलं त्याच भांड्यात माह्या घरचं दूध?”

“नवे आणतो.”

“आन् इथून नेल्यावर? तिकडं तर एकत्रच कराल.”

“नाही करणार,” मॅडम म्हणाल्या. “भांडे वेगळे, नळ्या वेगळ्या, पाणीबी वेगळं. शब्द देतो.”

परतीच्या बसमध्ये वंदना म्हणाली, “मॅडम, प्रयोगशाळेत कोण पाह्यले येऊन राह्यलं?” मॅडम म्हणाल्या, “मी बोलून आली ना त्यांना.” एवढंच. त्यांनी नवी काचेची भांडी घेतली, ती वेगळ्या कपाटात कुलपात ठेवली. प्रयोगशाळेच्या मोठ्या कॅनमधल्या शुद्ध पाण्यात अंड्याच्या पिपेट बुडत होत्या, म्हणून तेही चालणार नव्हतं. औषधाच्या दुकानातून त्यांनी इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या आणल्या. काचांवर थर द्यायचं काम कमलबाईंच्या ओसरीवर, कमलबाईंच्या समोर झालं.

शिरपूरच्या काचांचा अहवाल प्रबंध जमा झाल्यानंतर आठवड्याने आला. सगळ्यात जास्त धुराच्या घरात बदललेलं टायरोसिन जवळजवळ नव्हतंच. कमी धुराच्या घरांतल्या अंड्याच्या काचांत मात्र ते भरपूर होतं.

वंदनाचं म्हणणं होतं की दुधाचं प्रथिन वेगळं वागत असेल, ते पुढच्या शोधनिबंधात बघू. मॅडम म्हणाल्या, “शिरपूरचं चुकलं का बाकी सगळ्या गावांचं चुकलं, हे आपल्याले आता कुठं माहीत हाय?”

शुक्रवारी त्यांनी अंड्याच्या दोन कोऱ्या काचा घेतल्या. कधीच कुठे न टांगलेल्या. एक प्रयोगशाळेच्या कॅनमधल्या पाण्याने तयार केली, दुसरी बाटलीतल्या पाण्याने. दोन्ही नळ्या आम्लासह तापायला ठेवल्या. शनिवारी दुपारी उघडल्या. अल्कलीचे थेंब टाकल्यावर पहिली नळी पिवळी झाली, दुसरी झाली नाही. मग त्यांनी कॅनमध्ये नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली.

कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं. आजूबाजूच्या शेतांतलं खत झिरपून बोअरमध्ये नायट्रेट उतरतं, हे मॅडम दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होत्या. ते पाणी आम्लाबरोबर तापलं की टायरोसिन तिथेच, नळीतच, बदलतं. चुलीचा त्याच्याशी संबंध नाही. वंदनाने पाच वर्षं मोजलं ते बरंचसं त्यांच्या स्वतःच्या नळीत तयार झालेलं होतं. कोऱ्या काचा पहिल्या वर्षी तपासल्या होत्या, तेव्हा त्या स्वच्छ आल्या. नंतर पुन्हा तपासल्या नव्हत्या.

पाणी कोणी भरलं, हा प्रश्न मी बातमीसाठी मॅडमना विचारला होता. “ते लिहू नको,” त्या म्हणाल्या. मग बातमीच लिहिली नाही. आता लिहितो, कारण प्रयोगशाळेचे परिचर बाबाराव यांनीच ‘लिहा’ म्हणून सांगितलं आहे. शुद्ध पाणी काढायचं यंत्र दुसऱ्या वर्षी बिघडलं. दुरुस्तीचा अर्ज कार्यालयात पडून होता. “पोरगी सकाळपासून येऊन बसे,” बाबाराव म्हणाले. “पाणी नाही म्हटलं तर तिचा दिवस जाये. म्या आपलं बोअरचंच, फिल्टरमधलं भरून ठेवलं. फिल्टरचं म्हंजे साफच ना? दिसाले तर काचेसारखं होतं.” यंत्र दुरुस्त झालं असं मॅडमना वाटत राहिलं, कारण कॅन कधी रिकामा दिसला नाही.

मॅडमनी विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात बाबारावांचा उल्लेख नाही. त्यात असं वाक्य आहे : ‘वापरातील पाणी व कोरे नमुने वेळोवेळी तपासणे ही माझी जबाबदारी होती. ती मी पार पाडली नाही. विद्यार्थिनीचा यात दोष नाही.’

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. “मॅडम, सात आठवडे गप्प बसायचं होतं. परीक्षकांच्याही लक्षात आलं नसतं.”

“आलं असतं तर पोरीवर आलं असतं, सर. आता माह्यावर आलं.”

“पण पोरीचं नुकसान तर आताच झालं.”

प्राचार्यांचं म्हणणं खरं होतं. जुलैमध्ये रिसोडच्या बाजूच्या एका महाविद्यालयात जागा निघाली होती. वंदनाचा अर्ज तयार होता. पदवी नाही म्हणून तो गेला नाही.

वंदना प्रयोगशाळेत यायची थांबली. फोन उचलेना. तिसऱ्या आठवड्यात मॅडम सकाळच्या गाडीने जऊळक्याला उतरल्या आणि ऑटो करून तिच्या गावी गेल्या. पुढचं बोलणं मला वंदनाने सांगितलं आहे आणि तिच्या आईने त्याला दुजोरा दिला आहे.

वंदना आतल्या खोलीत होती. बाहेर येईना. आईने चहा ठेवला. “काय झालं मॅडम, आमाले तर काही समजून नाही राह्यलं. पोरगी जेवत नाही. नापास झाली का?”

“नाही ताई. पोरगी पास हाय. मी नापास झाली.”

“तुमी कायच्या नापास व्हता!” आई हसली.

मॅडम चहा पिऊन बसून राहिल्या. वंदनाचे वडील शेतातून आले, रामराम झाला, सोयाबीनची पेरणी झाली का वगैरे झालं, ते पुन्हा गेले. दीड तासाने वंदना बाहेर आली. उभ्यानेच बोलली.

“चूक होती, समजली मले. मी काही येडी नाही. पण तुमी मले काहून नाही विचारलं? प्रबंधावर नाव माहं. पाच वर्ष माहे. शनिवारी तुमाले समजलं, सोमवारी पत्र गेलं. मले मंगळवारी सांगितलं. एक दिवस थांबल्या असत्या, तर मीच सही केली असती बाजूले.”

“तू नाही म्हणशील, असं वाटलं मले,” त्या म्हणाल्या. “आन् तू नाही म्हटलं असतं, तर मी ऐकलं असतं वं. मले माह्यीच भीती वाटली.”

“म्हणून मले विचारलंच नाही.”

“नाही विचारलं. ते चुकलंच माहं. ते पाण्याहून मोठं चुकलं.”

आईने मधेच विचारलं, “भाकर टाकू का?” दोघी जेवल्या. वंदना त्यांना सोडायला स्टेशनवर आली नाही, ऑटोपर्यंत आली. ऑटो निघताना म्हणाली, “ते इंजेक्शनचं पाणी महाग पडते मॅडम. पयले यंत्र दुरुस्त करा लागते.”

यंत्र दुरुस्त झालं. विद्यापीठाने वाढीव मुदत दिली. जुलैअखेर मॅडम निवृत्त झाल्या आणि नियमाप्रमाणे वंदनाला कागदोपत्री दुसरे मार्गदर्शक मिळाले, अमरावतीचे. ते महिन्यातून एकदा फोन करत. निरोप समारंभात मॅडमनी भाषण केलं नाही. शाल घेतली, बाबारावांना स्टेजवर बोलावून ती त्यांच्या खांद्यावर टाकली आणि जागेवर जाऊन बसल्या. बाबाराव रडले. का रडले, हे सभागृहात कोणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं त्या रोज साडेदहाला प्रयोगशाळेत येत होत्या. कोणत्याही पदावर नव्हत्या, खुर्चीही नव्हती. खिडकीपाशी स्टुलावर बसत. विभागाच्या नव्या प्रमुखाला प्रथम ते अवघडल्यासारखं झालं. एकदा मी कामासाठी गेलो तेव्हा मॅडम बेसिनपाशी उभ्या राहून नळ्या धूत होत्या. वंदना टेबलावरून सांगत होती, “मॅडम, तीनदा खंगाळा, दोनदा नाही.” त्या म्हणाल्या, “तीनदाच केलं वं.” वंदना म्हणाली, “दोनदा केलं, म्या मोजलं.” मॅडमनी चौथ्यांदा खंगाळलं.

काचा पुन्हा टांगल्या गेल्या. या वेळी सगळ्याच घरांत दुधाच्या, कारण तुलना एकाच प्रथिनाची हवी होती. कमलबाईंनी आणखी चार घरं मिळवून दिली. प्रत्येक दहा काचांमागे एक कोरी तपासली गेली. धुराचा परिणाम निघाला, पण थोडा. पूर्वीच्या आकड्यांच्या जवळपासही नाही. प्रबंध पहिल्यापेक्षा निम्मा झाला. त्यातलं एक प्रकरण फक्त पाण्यावर होतं : पाण्यातलं नायट्रेट खोटा निकाल कसा देतं आणि तो कसा ओळखायचा. ते मॅडमनी लिहिलं असेल, असं एका प्राध्यापकाने मला सांगितलं. मी वंदनाला विचारलं. ती म्हणाली, “त्यांनी फक्त ‘साधारण’ शब्द खोडले. एकोणीस होते.”

तोंडी परीक्षा मार्चमध्ये अमरावतीला झाली. सकाळी मी, बाबाराव, वंदना, तिचे आईवडील आणि मॅडम एकाच गाडीतून गेलो. मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेरच्या परीक्षकांनी पाण्याच्या प्रकरणावर सर्वाधिक वेळ प्रश्न विचारले. एक प्रश्न असा होता : आधीच्या चुकीच्या निकालांना जबाबदार कोण? वंदना म्हणाली, “कोऱ्या काचा आम्ही पुन्हा तपासल्या नाहीत, सर. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या मॅडम.” परीक्षकांनी कागदोपत्री मार्गदर्शकांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि शेवटच्या रांगेकडे बोट केलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या, परीक्षकांना सलाम केला आणि खाली बसल्या.

निकाल पाऊण तासाने जाहीर झाला. प्रबंध कोणत्याही दुरुस्तीशिवाय स्वीकारला गेला.

मी शेख मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. एप्रिलमध्ये त्या धाकट्या बहिणीकडे नांदेडला राहायला गेल्या.

त्या दिवशी निकालानंतर विद्यापीठातल्या विभागाच्या दारात फोटो काढला गेला. त्यात परीक्षक आहेत, अमरावतीचे मार्गदर्शक आहेत, वंदनाचे आईवडील आणि बाबाराव आहेत. वंदना मध्ये उभी आहे. तिचे डोळे मिटलेले आले आहेत. फोटो शेख मॅडमनी काढला.